भाडं कोण भरतं?

रोमँटिक कॉमेडी आवडते असं आमच्या ऑफिसात उघड म्हणायची सोय नाही. कुरोसावा आवडतो म्हणा, नोलन आवडतो म्हणा (म्हणावंच लागतं, टीममधली निम्मी पोरं त्याची भक्त आहेत), पण शहरात एकट्या राहणाऱ्या चार मैत्रिणी, त्यांची प्रेमप्रकरणं, त्यांच्या न संपणाऱ्या गप्पा असलं काही बघते म्हटलं की समोरचा समजूतदारपणे हसतो. वर "टाइमपास हं!" आहेच.

अशा सिनेमांचं मी एक मोजमाप ठरवलंय. हिरो कोण, शेवटी लग्न होतं का, हे सगळं सोडून द्यायचं आणि बघायचं की यात घरभाड्याचा विषय निघतो का? मैत्रिणी एकमेकींकडे पैसे मागतात का? आजारपणात, मयताला कोण येतं? हे असेल तर मैत्री खरी आहे. नसेल तर चार कपड्यांच्या जाहिराती एका टेबलाभोवती बसल्यात असं समजावं.

आता 'सेक्स अँड द सिटी'च घ्या. नावामुळे या मालिकेचं फार नुकसान झालं, निदान आपल्याकडे. कँडेस बुशनेल १९९४ पासून 'न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर'मध्ये याच नावाचा स्तंभ लिहायची, त्यावरून डॅरेन स्टारने मालिका काढली आणि ती १९९८ ते २००४ एचबीओवर चालली. २००६ साली मी ऑनसाइट होते, जर्सी सिटीत तिघीजणी एका फ्लॅटमध्ये, आणि शनिवारी रात्री भाताचा कुकर लावून आम्ही तिच्या डीव्हीडी बघायचो. नदीपलीकडे मॅनहॅटन दिसायचं. पाथ ट्रेनने वीसेक मिनिटं. आमचं पहिलं मत एकमुखी होतं: आठवड्याला एक स्तंभ लिहून या बाईला मॅनहॅटनमध्ये घर परवडतं कसं? आम्ही तिघी दिवसाला दहा-दहा तास कोड बडवून नदीच्या अलीकडे!

याचं उत्तर मालिकेने एकदा दिलंय, आणि तो माझ्या मते तिचा सर्वोत्तम भाग आहे. जानेवारी २००२ मधला. कॅरीचं घर भाडेनियंत्रणाखालचं असतं, आपल्या पागडीच्या खोलीची चुलतबहीण म्हणा ना. इमारतीतली घरं विकायला निघतात तेव्हा तिचा प्रियकर एडन तिचं घर आणि शेजारचंही घेऊन टाकतो. मग साखरपुडा मोडतो. आता एकतर घर परत विकत घे, नाहीतर महिन्याभरात सोड. बाईच्या खात्यात जवळपास काही नाही. मिरांडा हिशेब करते: शंभर जोड बूट, चारशे डॉलरला एक, म्हणजे चाळीस हजार डॉलर नुसते पायात गेले.

लोकांना हे बूटच लक्षात राहतात. मला लक्षात राहतं ते पुढचं. मिरांडा आणि समँथा लगेच कर्ज देऊ करतात. शार्लट, चौघींतली सगळ्यात सुखवस्तू, गप्प बसते. कॅरी तिच्या घरी जाऊन भांडते: तू का नाही विचारलंस? आणि शार्लटही सुनावते की तुझे पैशाचे घोळ निस्तरणं हे माझं काम नाही. काय भयंकर खरं भांडण आहे ते! दोघींचंही बरोबर. ज्यांनी मैत्रिणीला हातउसने पैसे दिलेत किंवा मागितलेत त्यांना त्या खोलीतली हवा ओळखू येईल. कॅरी बिगने देऊ केलेले पैसे नाकारते. आणि शेवटी शार्लट आपल्या मोडलेल्या लग्नाची टिफनीची अंगठी तिच्यापुढे ठेवते, डाउन पेमेंटसाठी. उसनी, बरं का. फुकट नाही.

मागणी घालण्याचा अख्खा प्रसंग, अंगठीसकट, दोन मैत्रिणींमध्ये! आणि त्यातून मिळालं काय, तर घराची चावी.

त्याच सीझनमध्ये, २००१ सालचा, आणखी एक भाग आहे. त्याच्या नावातच 'मदरबोर्ड' आहे, त्यामुळे आमच्या जमातीने तरी बघायलाच हवा. कॅरीचा लॅपटॉप मरतो आणि जो तो तिला विचारतो, बॅकअप नाही घेतलास? (नाही घेतलेला. कोणीच घेत नाही. पंधरा वर्षं मी लोकांना सांगतेय.) त्याच आठवड्यात मिरांडाची आई जाते. बहिणीला प्रश्न पडतो की चर्चमध्ये शवपेटीमागून मिरांडा एकटीच कशी चालणार? नवरा नाही ना. ती एकटीच निघते, चेहरा कसाबसा सावरत, आणि बाकांच्या कडेने येऊन कॅरी तिच्याबरोबर चालायला लागते. नवऱ्याची म्हणून ठेवलेली जागा मैत्रिणीने न विचारता भरली. आपल्याकडे मयताला कोणी कुठे उभं राहायचं याचे नियम किती कडक असतात ते आठवा, म्हणजे तो प्रसंग कळेल.

एवढं सगळं कमावून ही मंडळी शेवटाला कच खातात, हा माझा राग आहे. २००४ च्या शेवटच्या भागात कॅरीला पॅरिसहून आणायला जातो तो बिग. त्याआधी तो तिच्या तिघी मैत्रिणींची परवानगी घेतो हे खरं, पण विमानाचं तिकीट त्याचं. २०२५ मध्ये पुढची मालिकाही संपली, त्यात कॅरी एकटीच राहिली, तोवर तिच्याकडे एवढा पैसा आणि एवढं मोठं घर होतं की भाड्याचा विषयच मिटला होता. आणि विषय मिटला तशी मैत्रिणींची गरजही पातळ झाली. 'हाऊ टू बी सिंगल' (२०१६) मध्ये नायिका शेवटी एकटी ग्रँड कॅनियनमध्ये सूर्योदय बघते. छान. पण घरी परत आल्यावर दार कोण उघडणार?

उलट 'फ्रान्सेस हा' बघा. नोआ बाउमबाखचा, ग्रेटा गर्विगबरोबर लिहिलेला, २०१२ सालचा कृष्णधवल सिनेमा. त्यातल्या प्रकरणांना नावं नाहीत, पत्ते आहेत. फ्रान्सेस सत्तावीस वर्षांची, नृत्यसंस्थेत उमेदवारी करणारी, ब्रुकलिनमध्ये सोफीबरोबर राहणारी. प्रियकर एकत्र राहू या म्हणतो तर ही नाही म्हणते, कारण सोफीबरोबर भाडेकरार आहे. तिकडे ते प्रकरण मोडतं. आणि मग सोफी सांगते की तिला ट्रायबेकामध्ये हवी तशी जागा मिळतेय, ती चालली. झालं. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे एका बाईचं एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर घरंगळणं. नवऱ्याने सोडलं तर चार लोक भेटायला येतात, आई डबा घेऊन येते. रूममेट सोडून गेली तर डिपॉझिटचा हिशेब होतो आणि लोक विचारतात, मग आता नवीन कोण बघितलीस? हा सिनेमा हसवत हसवत त्या दुःखाला त्याची जागा देतो. मी तो तीनदा बघितलाय.

मुंबईचं म्हणाल तर 'फोर मोअर शॉट्स प्लीज' २०१९ मध्ये आलं. चार मैत्रिणी आणि त्यांचा ठरलेला बार. धीट आहे, बायका काय वाट्टेल ते बोलतात, तेवढं आवडलं. पण मुंबईत एकट्या मुलीची खरी कॉमेडी बारमध्ये घडत नाही हो, ती ब्रोकरबरोबर घडते. व्हेज की नॉनव्हेज, आईवडील किती वेळा येणार, मित्र येतात का, रात्री किती वाजता. ते संवाद लिहायलाही नकोत, नुसते रेकॉर्ड करा.

माझ्या मोजमापावर मुंबईतला सगळ्यात खरा ठरलेला सिनेमा कॉमेडी नाहीच. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट', २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळालेला. केरळहून आलेल्या दोन नर्स एका खोलीत राहतात, आणि धाकटी अनू थोरल्या प्रभाला म्हणते की या महिन्याचं माझं भाडं तू भर. तिसरी त्यांच्या हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे आपली छाया कदम. नवरा गेला, घराचे कागद नाहीत, बिल्डर उठवतोय. शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परतते आणि या दोघी तिचं सामान पोचवायला जातात. त्या प्रवासात मला शार्लटची अंगठी आठवली. पैशांचं मान अगदी वेगळं, पण गोष्ट तीच.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण आहे. जर्सी सिटीतल्या तिघींपैकी एक आणि मी गेली सात वर्षं पुण्यात एकत्र राहतो. दोघी चाळिशीच्या, दोघींना बरा पगार, दोघींना लग्नाची घाई नाही (आयांना आहे). दरवर्षी अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी भाडंवाढ. म्हणून ठरवलं की घर घ्यावं, निम्मं-निम्मं. सरकार खूश आहे: महाराष्ट्रात २०२१ पासून बायकांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि आम्ही तर दोघीही बायकाच. पण कर्ज? बहुतेक बँकांना सहकर्जदार म्हणून नवरा-बायको चालतात, आईवडील चालतात, भाऊ-बहीण चालतात. मैत्रीण चालत नाही. पहिल्या बँकेतल्या साहेबांनी फॉर्मवरच्या 'नातं' या रकान्यावर पेन ठेवून आम्हाला विचारलं, "कझिन वगैरे काही लागता का?" अगदी मदत करायच्या भावनेने, बरं का! रूममेट म्हणाली, "सर, अठरा वर्षं ओळखतो. अर्जदारांत लग्नाला इतकी वर्षं झालेले किती येतात तुमच्याकडे?" साहेब हसले. फॉर्म परत दिला.

कोणीतरी यावर सिनेमा काढा हो. हिरो हवाच असेल तर ब्रोकर करा त्याला.

दुसऱ्या बँकेतही तेच उत्तर मिळालं. आता एकीच्याच नावावर कर्ज आणि दुसरीने वेगळा करार करून निम्मे पैसे द्यायचे, असं काही बसतं का ते एका वकीलबाईंना विचारायचंय. गुरुवारची वेळ मिळालीये. अर्धा दिवस रजा टाकलीये दोघींनी. मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा मी "घरचं काम" असं लिहिलं.