दसऱ्याचा आठवडा आणि हजेरीपट

घटाभोवती पेरलेलं धान वीतभर वर आलं, की शाळेत पाणी प्यायलासुद्धा सवड मिळत नाही. घरी नवरात्राचे उपास, देव्हाऱ्याची झाकपाक, मुलांचे डबे. आणि शाळेत याच दिवसांत सगळं एकदम येऊन पडतं. मी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाळेत रोज तीन तास कार्यानुभव शिकवायला जाते. तीनच तास, पण दसऱ्याच्या आठवड्यात ते तीसांसारखे वाटतात, बरं का!

सोमवारी सहामाहीची उजळणी. तिला आता 'संकलित चाचणी' म्हणतात, पण मुलांच्या पोटात गोळा तोच. मंगळवारी भोंडला. बुधवारी पाटीपूजन, पहिलीच्या मुलांनी पाटीवर काढलेली सरस्वती एकेकीच्या वळणाची. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. मुलांच्या तोंडी मात्र आठवडाभर एकच विषय, हिंगोलीचा दसरा! दीडशे वर्षांहून जुनी ही परंपरा. रामलीला मैदानावरचं प्रदर्शन, आकाशपाळणे आणि रावणदहन. यंदा रावण किती फूट उंच, यावरून मधल्या सुट्टीत भांडणं लागतात.

पण आज मला सांगायचं आहे ते हजेरीपटाबद्दल.

सहावीतली एक मुलगी सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही. भोंडल्याची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत, म्हणून फेर धरताना तिची फार आठवण झाली. बुधवारी ती दारात दिसली आणि मी सगळ्या वर्गासमोर बोलले, "काय गं, खिरापत खायलासुद्धा यावंसं वाटलं नाही तुला? घरी बसून काय केलंस?"

ती काहीच बोलली नाही. पाटीवर फूल वाहायला तिनं हात पुढे केला, तेव्हा मला दिसलं. दोन्ही हातांची बोटं ओरखड्यांनी भरलेली होती. ज्यांनी सोयाबीन काढलंय त्यांना सांगायला नको. वाळलेल्या शेंगांची टोकं कशी टोचतात! तिच्या आईनं गुत्त्यानं काढणी घेतली होती, आणि ही आईच्या मागं होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी आपलं शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. मुलगी हुशार आहे, पुढं शिकेल, असं बरंच काही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, सोनं वाटलं की मुकादमाची गाडी येती. उचल घेतलेली हाय, खर्च बी झाली. आमी दोघं फडात गेल्यावर धाकटं लेकरू कोण धरंल? तिलाच न्यावं लागतंय."

मी गप्प. तर तिनंच विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कुनापाशी ठिवून येता शाळंत?"

"सासूबाईंजवळ," मी म्हटलं, आणि माझं भाषण तिथंच संपलं. माझे तीन तास माझ्या सासूबाईंच्या जिवावर उभे आहेत, हे मी इतक्या वर्षांत कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

मैत्रिणींनो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली जोडपी मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र! थोरल्या मुली फडावर भावंडं सांभाळतात आणि परतल्यावर वर्गात मागे पडतात. मग एक दिवस त्या येतच नाहीत.

त्या घरात आजी होती. डोळ्यांनी अधू, पण हिंडती-फिरती. अडचण होती ती दोन वेळच्या जेवणाची. तेव्हा मी तिला हंगामी वसतिगृहाची माहिती दिली. नाव वसतिगृह असलं तरी मोठी इमारत वगैरे नसते. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारात मिळतंच. मागे राहिलेल्या मुलांची सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची सोय शाळेमार्फत होते आणि रात्री मूल आपल्या आजी-आजोबांकडे झोपतं. ती ऐकत राहिली. "धाकट्याचं काय?" एवढंच म्हणाली. त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं.

तुमच्या गावातूनही अशी माणसं जात असतील. गाडी यायच्या आत एवढं करून पाहा :

१. वसतिगृह सगळीकडे आपोआप सुरू होत नाही. दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांना भेटून मागे राहणाऱ्या मुलांची नावं द्या.

२. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. तुम्ही त्या समितीत असाल तर नुसती सही करून उठू नका, हा विषय काढा.

३. मूल बरोबर न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं हाच कायदा सांगतो.

४. मूल आजीजवळ राहणार असेल, तर आधारची प्रत, औषधांची चिठ्ठी आणि आईबापांचा फोन नंबर एका पिशवीत घालून ठेवा. तोच नंबर दप्तराच्या आतल्या बाजूला शाईनं लिहा. आणि शेजारणींनो, आठवड्यातून एकदा त्या घरात डोकावा, तिच्या वेण्या घाला. आईची आठवण वेणी घालतानाच फार येते.

शुक्रवारी हजेरी घेताना तिच्या नावापाशी मी थांबले. उत्तर आलं नाही. शनिवारी सकाळच्या शाळेला ती आली, हातात आपट्याची चार पानं घेऊन. पाया पडली आणि म्हणाली, "आई म्हनली, आता ऱ्हा आजीपाशी. धाकट्याला तिकडं कुनी धरनारं भेटलं न्हाई, तर मला बोलवून घील."

म्हणजे अजून काही नक्की नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपट उघडेन तेव्हाच कळेल. वर्गासमोर रागावले होते, म्हणून मी वर्गासमोरच तिला म्हटलं, "चुकलं माझं." मुलं चकित होऊन बघत राहिली. ती लाजली आणि तिनं ओरखडलेले हात मागे लपवले.

घरी येऊन ते सोनं आधी सासूबाईंच्या हातावर ठेवलं. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "काही नाही, राहिलं होतं द्यायचं."

पुढच्या आठवड्यात दिवाळीच्या फराळाचं बोलू. भाजणीची तयारी मात्र आतापासून ठेवा हं!