जुन्या गाडीला घरीच एलईडी हेडलाइट लावताय? समोरून सगळे डिपर का देतात ते समजून घ्या

जुना हॅलोजन काढायचा, ऑनलाइन मागवलेला एलईडी लावायचा. दहा मिनिटांचं काम. मग समोरून येणारा प्रत्येक जण डिपर का देतो?

उत्तर रिफ्लेक्टरमध्ये आहे. अनेक जुन्या गाड्यांत एच४ हॅलोजन असतो, ६०/५५ वॅटचा. त्याची फिलामेंट नेमकी कुठे असेल हे धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरतो. एलईडीची चिप जराशी सरकली तरी लो बीमचा उजेड वर उडतो. तुम्हाला लख्ख दिसतं, समोरच्या बाइकवाल्याला काही क्षण काहीच दिसत नाही.

१००/९० वॅटचा हॅलोजन? रिलेशिवाय लावला तर जुनं वायरिंग तापतं, होल्डर वितळू शकतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये म्हटलं. बल्ब मात्र राजरोस विकले जातात!

खरं तर अनेकदा दोष बल्बचा नसतोच. उन्हाने हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं. पाणी मारत बारीक वॉटर पेपरने घासा, पॉलिश करा, यूव्ही कोटिंग द्या. तरी उजेड कमी वाटला तर इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून घ्या. त्याच ६०/५५ बल्बला बॅटरीचं जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळतं. मग भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही बीमची उंची तपासा.