नोकरीतल्या माणसाची पुन्हा परीक्षा : शिक्षकांची टीईटी आणि भूल देणाऱ्या नर्सेसचा अनुभव

उंद्री (ता. चिखली, जि. बुलढाणा) : १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीबद्दलचा निकाल आला, तेव्हापासून शिक्षक जिथे जमतील तिथे एकच हिशोब चालू असतो. तुमचं वय किती, नोकरी किती उरली? जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. निकालाच्या दिवशी ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक होती, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची आहे. म्हणजे त्या दिवशी साधारण त्रेपन्नच्या आत असलेले सगळे यात आले. पास झाले नाहीत तर नोकरी सोडायची, नाहीतर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेले सुटले, पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. मी चाळिशीतला, आणि नोकरीला लागलो तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. त्यामुळे मला बसावंच लागणार.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या निकालात एक वेगळी गाठ आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. खटल्याचं नावच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन असं आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना टीईटी लागू करता येते का, हा मूळ प्रश्न होता. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला, आणि बाकीच्या शाळांबद्दल मात्र निकाल देऊन टाकला. परिणाम असा की एकाच घरात बीवी अल्पसंख्याक संस्थेच्या उर्दू शाळेत शिकवत असेल तर तूर्त तिला चिंता नाही, आणि शौहर जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत असेल तर त्याच्या डोक्यावर २०२७ ची तारीख. मुलं त्याच मोहल्ल्यातली, पुस्तकंही तीच. "आमची शाळा उर्दू आहे, आम्हाला लागू नाही" असं बरेच जण समजून बसलेत. तसं नाहीये. सूट माध्यमाला नाही, संस्थेच्या अल्पसंख्याक दर्जाला आहे, आणि तीही मोठ्या खंडपीठाचा निर्णय येईपर्यंतच.

शिक्षकांचा राग कशाचा आहे? २३ ऑगस्ट २०१० ला एनसीटीईने ही अट आणली तेव्हा आधी लागलेल्यांना सूट दिली होती. पंधरा वर्षांनी ती सूट गेली. वीस-वीस वर्षं पहिली-दुसरीला अलिफ-बे शिकवलेल्या माणसाला आता सांगतात, दीडशे मार्कांचा पेपर सोडव, नव्वद मिळव. आरक्षित प्रवर्गात असाल तर ५५ टक्के. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस प्रश्न.

मीही रागावलोच होतो. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला वेगळ्या बाजूने विचार करायला लावलं. ती नर्सिंग करून सौदीला गेली, तिथे एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. सुटीत आली तेव्हा घरी सलाम करायला आली होती. मी टीईटीचं रडगाणं सुरू केलं तर म्हणाली, "सर, आम्हाला तर आधी कागदपत्रांची पडताळणी, मग परीक्षा, मग दर वेळी लायसन्स रिन्यू करताना शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. पेशंट झोपलेला असतो. त्याला थोडंच विचारता येतं की मी चांगली नर्स आहे का?"

तिच्या या बोलण्यावरून मी भूल देणाऱ्या नर्सेसबद्दल वाचायला घेतलं. आपल्याकडे अशा नर्सेस नाहीत. भारतात भूल देणं हे डॉक्टरांचं काम, नर्स आणि तंत्रज्ञ मदतीला असतात. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझरची बाई तालुक्याहून जिल्ह्याला पाठवली, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांना नवीन नाही. त्यावर सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण देण्याची योजना काढली होती, पण नर्सला ते काम दिलं नाही. अमेरिकेत मात्र नर्स स्वतः भूल देते. तिथे या नर्सेसची पहिली पात्रता परीक्षा १९४५ ला झाली, आणि आता नव्याने येणाऱ्यांना डॉक्टरेटपर्यंतचं शिक्षण लागतं.

तिथेही हाच झगडा झाला. एकदा परीक्षा पास झालेल्या, दहा-वीस वर्षं रोज भूल देणाऱ्या नर्सला पुन्हा परीक्षेला बसवायचं का? २०१६ पासून नवा नियम लागू झाला : दर चार वर्षांनी शिक्षणाचे १०० गुण जमवायचे आणि आठ वर्षांत एकदा परीक्षा द्यायची. विरोध भरपूर झाला, आणि त्यातली एक तक्रार आपल्या शिक्षकांच्या तोंडची वाटावी अशी होती. जी नर्स वर्षानुवर्षं फक्त लहान मुलांनाच भूल देते, तिला हृदयाच्या ऑपरेशनचे प्रश्न कशाला? पहिलीच्या बाईंना पाचवीच्या गणितावर तपासण्यासारखंच हे झालं.

पण त्यांनी तोडगा काय काढला ते बघा. या परीक्षेत कमी पडलेल्या नर्सचं प्रमाणपत्र काढून घेतलं नाही. ज्या विषयात कमी पडली, त्याच विषयाचा जादा अभ्यास तिने करायचा. आता तर ती मोठी परीक्षाही मागे पडली आहे. तिच्या जागी थोडे थोडे प्रश्न, ठराविक काळाने, घरी बसून सोडवायची पद्धत येते आहे. इंग्लंडमध्ये परीक्षाच नाही. तिथल्या नर्सला दर तीन वर्षांनी ४५० तासांचं काम आणि ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपल्या महाराष्ट्रातही नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तीही कार्यशाळा आणि अभ्यासाच्या नोंदींवर. ते तास कुठे कुठे नुसते सही मारून पूर्ण होतात हे मलाही माहीत आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणात काय वेगळं होतं? तरी पद्धत म्हणून बघितलं तर कोणीही नर्सला असं म्हणत नाही की या रविवारी साठ टक्के पडले नाहीत तर वीस वर्षांची नोकरी संपली.

भूल देताना चूक झाली तर काही मिनिटांत जीव जातो. इतक्या जोखमीच्या कामातसुद्धा नापास झालेल्या जुन्या माणसाला आधी शिकवतात. मग शाळेत एका पेपरवर नोकरी का? माझा आक्षेप परीक्षेवर नाही, इथे आहे. कोर्टाने मुलांच्या दर्जेदार शिक्षणाच्या हक्काचा मुद्दा मांडला, तो खोटा म्हणता येणार नाही. चौथीच्या मुलाला उर्दूतलं साधं वाक्य वाचता येत नाही, अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा आम्ही नेहमीच पालकांकडे बोट दाखवू शकत नाही. शिक्षकाने वाचलं पाहिजे, तपासून घेतलं पाहिजे. आमच्यातल्या काहींनी बीएड झाल्यापासून नवीन पुस्तक उघडलेलं नाही, हेही खरं.

पण सगळा भार एकाच निकालावर टाकला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन निकाल बदलल्याचं प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्यात प्रामाणिकपणे पास झालेल्यांचं नावही खराब झालं. एरवी या परीक्षेचा निकाल अनेकदा शंभरात पाचही लागत नसे. अशा परीक्षेवर आता नोकरीवाल्यांचे घराचे हप्ते, मुलींची लग्नं, म्हाताऱ्या अम्मी-अब्बांची औषधं टांगली आहेत. दलाल पुन्हा जागे होतील, ही भीती मला वाटते. कोणी "सेटिंग"ची भाषा केली तर त्याला दारातूनच परत पाठवा. आधीच्या वेळी पैसेही गेले आणि नोकरीही.

सरकारला मागायचं असेल तर हे मागता येईल. या दोन वर्षांत परीक्षेच्या संधी वाढवा. नापास झालेल्याला कुठल्या विषयात किती मिळाले ते बघून जिल्ह्याच्या डाएटमध्ये त्याच विषयाचा वर्ग द्या, आणि तो उर्दूतही द्या. मराठीतून तयारीची पुस्तकं दुकानात ढिगाने मिळतात, उर्दूतून शोधावी लागतात. दोन वर्षांची मुदत कोर्टाची आहे, ती राज्य सरकार आपल्या मनाने बदलू शकत नाही. तयारीचा बंदोबस्त मात्र सरकारच्याच हातात आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

फेरविचाराच्या भरवशावर हात बांधून बसलेले शिक्षकही मला भेटतात. त्यांना मी म्हणतो, अर्जी चालू द्या, पुस्तकही चालू द्या. सर्व्हिस बुक काढून जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि शाळेचा प्रकार आधी तपासा. अल्पसंख्याक संस्थेत असाल तर दर्जाचं प्रमाणपत्र शाळेत खरोखर आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारून डोळ्याने बघा.

आम्ही चार-पाच जणांनी दर इतवारी जोहरनंतर बसायचं ठरवलं आहे. गणित मला कच्चं जातं, ते एक तरुण सर शिकवतात, टीईटी पास होऊन लागलेले. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे. पहिल्या दिवशी तेच जास्त लाजत होते. मागच्या वेळी त्यांनी अपूर्णांकांचे वीस प्रश्न दिले, माझे अकरा बरोबर आले.