आलेखाचं टूल बनवलं, पण शाळेत उघडेल का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाने सोडवायची असतात. दोन रेषा कुठे छेदतात, हे पडद्यावर दिसलं की मुलांना पटकन कळतं. असं छोटं टूल आज कॉलेजचा एखादा विद्यार्थीही पायथॉनमध्ये बनवतो. कौतुक आहेच. पण साक्री किंवा यावल तालुक्यातल्या शाळेतल्या जुन्या संगणकावर, नेट नसताना ते उघडत नसेल, तर माझ्या मते काम निम्मंच झालंय.

बनवणाऱ्याच्या संगणकावर पायथॉन असतं, आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब असते. शाळेत यातलं काहीच नसतं. म्हणून पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने सगळं एकत्र बांधून द्यावं लागतं. त्यातही मेख आहे. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ पर्यंतच्याच आवृत्त्या चालतात. त्यापुढची वापरून बांधलेलं टूल तिथे उघडतच नाही. ६४ बिटचं टूल ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. सगळं एकाच फाईलमध्ये कोंबलं, तर ती दरवेळी आधी स्वतःला उलगडते. जुन्या मशीनवर मुलं ताटकळतात. त्यापेक्षा फोल्डर दिलेला बरा.

सगळ्यात जास्त खटकतं ते मराठीचं. समजा, मुलांनी मे महिन्यातल्या जळगावच्या तापमानाचा आलेख काढला आणि आडव्या अक्षावर 'दिनांक' लिहिलं. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे नुसते चौकोन दिसतात. देवनागरी फॉन्ट जोडला, तरी तिच्या बऱ्याच आवृत्त्यांत वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं तुटतात. मग बनवणारा वैतागून सगळी नावं इंग्रजीत टाकतो! मराठी शाळेसाठी केलेलं टूल असं इंग्रजी होऊन बसतं.

जिओजेब्राचं बघा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला त्याची सुरुवात केली. त्याच्या क्लासिक ५ आवृत्तीला जावा लागतं, पण विंडोजच्या पॅकेजमध्ये ते आतच दिलेलं असतं. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारी प्रतही मिळते. वर्गात गडबड चालू असताना मास्तरांना याहून जास्त काय हवं?

अनोळखी टूल उघडताना विंडोज निळी सूचना दाखवतं, तेव्हा घरी पालक घाबरतात, आणि ते रास्तच आहे. 'तसंच पुढे जा' असं सांगून भागत नाही. कोणी बनवलं, कुठून घ्यायचं, हे मराठीत एका पानावर लिहून सोबत द्यायला हवं.

पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी असं टूल टाकलं, तर अंगठा दाखवण्याआधी एवढं विचारा: पायथॉन नसलेल्या संगणकावर, नेट बंद करून उघडून पाहिलंय का?