एजंट कोणाचा?

भंडारा जिल्ह्याला ‘एजंट’ हा शब्द नवा नाही. तेंदूपानाच्या हंगामात, धानाच्या बाजारात, विम्याच्या कागदपत्रांत तो भेटतच आला आहे. गावातील जुनी माणसे त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारीत आली : काम तर हा माझे करतो म्हणतो, पण माणूस कोणाचा? आता संगणकाच्या काळ्या पडद्यावर, ज्याला टर्मिनल म्हणतात तेथे, एक नवा एजंट अवतरला आहे. त्यालाही हाच प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर येथून नागपूर-पुण्याकडे शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींच्या पिढीपुढे या एजंटाचा वाद येऊन ठेपला आहे : कंपनीच्या मालकीचा घ्यावा की मुक्त स्रोताचा? चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांना हा वाद सुशिक्षितांच्या चैनीचा वाटतो. धानाला भाव नाही, हाताला काम नाही, तेथे असल्या गोष्टींना वेळ कोठला, असे ते विचारतात. ही समजूत चुकीची तर आहेच, पण घातकही आहे. वाद उत्पादनसाधनाच्या मालकीचा आहे. आणि बियाणे व पाणी या दोन्ही बाबतीत वैनगंगेच्या खोऱ्याने तो पूर्वीच भोगलेला आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू जाता असे दिसते की, हा एजंट म्हणजे साध्या भाषेत सांगितलेले काम ऐकून संगणकाची आज्ञावली लिहिणारी यंत्रणा होय. तो संगणकातील फायली वाचतो, त्यांत बदल करतो, आज्ञा चालवून पाहतो, चुकले तर दुरुस्त करतो. त्याचे दोन भाग असतात. एक, संगणकावर बसविलेला एजंट. हा जणू हात. दुसरा, ज्याच्या बळावर तो विचार केल्यासारखे करतो ते मॉडेल. हा मेंदू, आणि तो बहुधा परदेशी कंपनीच्या यंत्रशाळेत असतो. हात आणि मेंदू यांची मालकी वेगवेगळी असू शकते, ही गोष्ट ध्यानात न घेता केलेली प्रत्येक चर्चा फसवी ठरते.

मालकीच्या बाजूचे म्हणणे

अँथ्रॉपिक कंपनीचा ‘क्लॉड कोड’ २०२५ च्या फेब्रुवारीत आला. तो मालकीचा आहे. त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, तो काम उत्तम करतो. मग मालक कोण याची उठाठेव कशाला? काम उत्तम करतो हे मान्यच केले पाहिजे. लांबलचक, गुंतागुंतीच्या कामात कंपन्यांची मोठी मॉडेले पुढे आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालणारे छोटे मॉडेल त्यांच्यापुढे टिकत नाही. शत्रूचे बळ कमी लेखणे ही कार्यकर्त्याची चूक होय. परंतु सावकाराचे पैसेही वेळेवर मिळत असत. म्हणून सावकारी योग्य ठरली काय?

या सेवेचे भाडे २०२५ मध्ये महिन्याला २० डॉलरपासून २०० डॉलरपर्यंत होते. सर्वांत स्वस्त वर्गणी धरली तरी महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या २०२५-२६ मधील ३१२ रुपये रोजाने ती साडेपाच-सहा दिवसांची मजुरी होते. बरे, भाडे भरून हक्क मिळतो असेही नाही. ऑगस्ट २०२५ पासून अँथ्रॉपिकने वापरावर आठवड्याची मर्यादा घातली. नांगर भाड्याने घ्यायचा, आणि किती तास चालवायचा हे मालकाने मध्येच ठरवायचे, असा हा करार आहे.

आणि मालक नांगर काढूनही घेऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. कारण, युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले होते. भारताच्या कायद्याने काही ठरविले नव्हते, भारतीय न्यायालयाने काही सांगितले नव्हते. पैसे भरलेले होते, तरी कर्मचाऱ्यांचा पत्रव्यवहार अडला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. नायरा ही काही गरिबांची संस्था नव्हे. तिचा मोठा भाग रशियन कंपनीचा आहे. पण एवढ्या बलाढ्य भांडवलदाराची ही गत, तर लाखनीच्या एखाद्या सहकारी संस्थेची दाद कोण घेणार?

मालकीहक्काच्या पावित्र्याविषयी तर बोलूच नये. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी लोकांना उघडे पत्र लिहून त्यांच्यावर चोरीचा ठपका ठेवला होता. त्यांच्या कंपनीची आज्ञावली लोक पैसे न देता वापरत, हा गुन्हा. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसातशे कोटी डॉलर देऊन गिटहब हे जगभरच्या आज्ञावली-लेखकांचे भांडार विकत घेतले, आणि २०२१ मध्ये त्या भांडारातील लोकांच्या उघड्या लेखनावर शिकविलेला ‘कोपायलट’ सादर केला. २०२२ मध्ये त्यावर कॅलिफोर्नियात खटला भरला गेला. ग्रंथांच्या चोरट्या प्रती उतरवून घेतल्याच्या दाव्यात अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये लेखकांशी दीडशे कोटी डॉलरची तडजोड केली. सामान्याने नक्कल केली की चोरी, भांडवलाने केली की ‘प्रशिक्षण’! लाखो अनाम कामगारांच्या श्रमाचा साठा फुकटात उचलायचा आणि त्यांच्याच वारसांना महिन्याच्या भाड्याने द्यायचा, हा या धंद्याचा पाया आहे.

‘मुक्त’ म्हणजे किती मुक्त?

म्हणून मुक्त स्रोताची बाजू घेतली की प्रश्न सुटला, असे मानणारे मित्र चळवळीत आहेत. त्यांनी थोडे थांबून पाहावे. ओपनएआयचा ‘कोडेक्स’ एप्रिल २०२५ मध्ये आणि गूगलचा ‘जेमिनी’चा टर्मिनल-एजंट जून २०२५ मध्ये आला. दोन्हींची आज्ञावली अपाची परवान्याखाली सर्वांना खुली आहे. गूगलने तर आरंभी दिवसाला १००० विनंत्या फुकट दिल्या. परंतु खुला आहे तो हात. मेंदू बहुधा कंपनीच्या घरात, कुलुपात. ‘एडर’, ‘गूस’ यांसारखे एजंट त्यापेक्षा खरे खुले, कारण त्यांना कोणत्याही मॉडेलला जोडता येते, स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या मॉडेललाही. मालक बदलण्याचे स्वातंत्र्य ही लहान गोष्ट नव्हे. वेठीतून सुटण्याची ती पहिली पायरी आहे. पण ती पहिलीच पायरी आहे.

मॉडेलेही खुली होऊ लागली आहेत, असे उत्तर येते. चीनमधील डीपसीकने जानेवारी २०२५ मध्ये आपले मॉडेल उघडे केले, ओपनएआयनेही ऑगस्टमध्ये दोन मॉडेले दिली. ही स्वागतार्ह घटना आहे. तथापि मॉडेल कोणत्या साहित्यावर घडविले ते साहित्य या कंपन्यांनी दिले नाही. संकरित बियाण्याचा अनुभव शेतकऱ्याला आहे : पीक उभे राहते, पण मूळ वाण हाती नसल्याने तेच बियाणे घरी पुन्हा तयार करता येत नाही. मॉडेलाचे तसेच आहे. वापरता येते, थोडेबहुत बदलता येते. मुळापासून पुन्हा घडविता येत नाही.

दादाजींचा धडा

नुसत्या खुलेपणाचे काय होते, हे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक दलित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करून एक बारीक, चवदार वाण सिद्ध केला. तोच ‘एचएमटी’. त्यांनी बियाणे मुक्तहस्ते वाटले. पूर्व विदर्भाच्या बांध्यांतून ते पसरले. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसृत केला. शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजींना पुढे सन्मान मिळाले, पण स्वामित्वाचा मोबदला मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले ते हलाखीतच.

यातून काय शिकायचे? बियाणे वाटू नये, हे नव्हे. वाटलेले बियाणे वाटलेलेच राहील, अशी कायद्याची पाळ त्याभोवती हवी. रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८९ च्या जीएनयू परवान्याने ही पाळ घातली : बदललेली आज्ञावली दुसऱ्याला देणाऱ्याने आपले बदलही उघडे केले पाहिजेत. अपाची परवान्यात ही अट नाही. कंपनीने खुली वस्तू घेऊन आपली आवृत्ती बंदिस्त करावी, त्याला मज्जाव नाही. म्हणूनच कंपन्यांना तो प्रिय आहे. भारतीय शेतकऱ्याने तर संसदेकडून २००१ चा कायदा मिळविला. त्याच्या ३९ व्या कलमाने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा, छापाच्या नावाखाली नव्हे पण एरवी विकण्याचाही हक्क त्याला आहे. याच हक्काच्या बळावर, लोकमत खवळल्यावर, २०१९ मध्ये पेप्सिकोला गुजरातच्या बटाटा-उत्पादकांवरील दावे मागे घ्यावे लागले. हक्क औदार्यातून मिळत नसतो, तो संघटनेतून मिळतो.

तुडूम कोणाच्या हाती?

तरीही बियाण्याने धान होत नाही, पाणी लागते. संगणकाच्या या शेतीत पाणी म्हणजे गणनशक्ती : मॉडेल चालविणाऱ्या चिप, त्यांची वीज, त्यांच्या इमारती. आज्ञावली खुली, मॉडेल खुले, पण ते चालविण्याइतकी यंत्रे मूठभरांकडे. अशा स्थितीत बियाणे शेतकऱ्याच्या हाती आणि तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, परक्याच्या हाती, असे होते.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने आणि असंख्य मजुरांच्या घामाने हे तलाव उभे राहिले. मालगुजारी काही सुवर्णयुग नव्हते. बेगार होती, जातीची उतरंड होती. पण पाण्यावर गावाचा निस्तार हक्क होता आणि पाळीची, गाळाची काळजी गावाला होती. १९५० च्या मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. तलाव मात्र गावाकडे न येता सरकारी खात्यांकडे गेले. पुढे गाळ साचला, अतिक्रमणे झाली, आणि ‘मामा तलाव’ दुरुस्तीच्या निविदांचा विषय होऊन बसले. मालगुजार गेला म्हणजे गाव मालक झाले असे आपोआप होत नाही.

केंद्र सरकारच्या एआय मोहिमेकडे या दृष्टीने पाहावे. मार्च २०२४ मध्ये तिला १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले. तासाला सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने ३८,००० हून अधिक चिप उपलब्ध केल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले. ऐकायला छान. पण चिप बहुतांशी खाजगी कंपन्यांच्याच. सरकार भाड्याचा काही भाग भरते. म्हणजे लोकांच्या पैशाने मालगुजाराचे पाणी विकत घेऊन लोकांना स्वस्तात द्यायचे, तलाव मात्र त्याचाच ठेवायचा. याला सार्वजनिक क्षेत्र म्हणत नाहीत.

काय करावे?

प्रश्न उद्याचा नाही. आधारभूत धान खरेदीची नोंदणी संगणकावर होते. ‘सर्व्हर नाही’ हे उत्तर ऐकून शेतकरी परततो. २०२२ च्या केंद्रीय योजनेने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण हाती घेतले. या कामाच्या आज्ञावल्या यापुढे एजंटच लिहू आणि दुरुस्त करू लागतील. मॉडेल कंपनीच्या यंत्रावर चालत असेल, तर एजंट जी फाईल वाचतो ती त्या कंपनीकडे जाते. सभासदाचे कर्ज, सातबारा, थकबाकी त्यात असू शकते. तेव्हा चळवळीने चार मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात.

एक : सार्वजनिक पैशाने लिहिलेली प्रत्येक आज्ञावली जीएनयूसारख्या परवान्याखाली लोकांना खुली असावी. केंद्राचे २०१५ चे मुक्त स्रोत धोरण कागदावर आहेच. ते अमलात आणावे. केरळच्या शाळांनी मुक्त आज्ञावलीवर इतकी वर्षे शिक्षण चालवून दाखविले आहे.

दोन : ग्रामपंचायती व सहकारी संस्थांची माहिती परकीय कंपनीच्या यंत्रावर जाऊ नये. तेथे एजंट खुला, मॉडेल खुले आणि यंत्र संस्थेचे किंवा शासनाचे असावे. काम थोडे सावकाश झाले तरी चालेल.

तीन : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात सार्वजनिक मालकीचे गणनकेंद्र उभारावे, भंडाऱ्याच्या महाविद्यालयांना ते विनामूल्य खुले असावे, आणि त्याच्या कारभारात विद्यार्थी, शिक्षक व सहकारी संस्थांचे प्रतिनिधी असावेत. नुसते सरकारी तुडूम नको.

चार : नोकरीसाठी एजंट आवश्यक असेल तर त्याचे भाडे नोकर ठेवणाऱ्याने भरावे, नवख्या तरुणाच्या पगारातून ते निघू नये.

तोवर जो तरुण विचारील की कोणता एजंट घेऊ, त्याला कार्यकर्त्याने निःसंकोच सांगावे : खुला घे, ज्याला मालक बदलता येतो तो घे, तो आज थोडा उणा असला तरी घे. पण ते घेऊन घरी बसू नकोस. एकट्याने जपलेल्या बियाण्याचे काय होते ते नांदेडच्या बांधीत दिसले. गावाच्या हातून निसटलेल्या पाण्याचे काय होते ते जिल्ह्यातील गाळाने भरलेले तलाव रोज सांगत आहेत. बियाणे आणि तुडूम, दोन्ही संघटित लोकांच्या हाती येईपर्यंत टर्मिनलवरचा हा हुशार एजंट काम लोकांचे करील आणि माणूस मालकाचाच राहील.