वरून बाई ओळखता येते का?

पन्हाळ्याच्या सज्जा कोठीतून खाली पाहिलं, की शेतातली माणसं मुंगीएवढी दिसतात. बाई की बाप्या, कळत नाही. ड्रोनची नजर फार तीक्ष्ण म्हणे! तरी ऑक्टोबर २०१२ मध्ये वझिरीस्तानात अमेरिकी ड्रोनने भेंडी तोडणाऱ्या मोमिना बीबीचा जीव घेतला, तोही नातवंडांदेखत.

गडचिरोलीत पोलिसांनी नक्षलवाद्यांच्या शोधासाठी ड्रोन वापरले, त्याला माझी ना नाही. २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस गेले, त्यांच्याही घरी बायकामुलं होती. पण टेहळणी वेगळी, बॉम्ब टाकणं वेगळं. शेजारच्या बस्तरमध्ये गावकऱ्यांनी २०२३ मध्ये तसा आरोप केला, पोलिसांनी तो नाकारला. खरंखोटं स्वतंत्र चौकशीतूनच कळेल. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटे त्या जंगलात वाकलेल्या असतात त्या बायकाच.