टाळ्या मुलीच्या, सही अ. पा. क. ची

२ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला, आणि महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे पाच बळी. आमच्या सोसायटीत एरवी दहाला दिवे मालवणारी माणसंही गॅलरीत उभी राहून थाळ्या वाजवत होती. पाठोपाठ क्रिकेट मंडळाने ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं, आणि सकाळी दुधाच्या रांगेत चर्चा सुरू झाली ती झेलाची नव्हे, त्या आकड्याची.

त्यात वाईट काही नाही. २००५ साली आपल्याच मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या, तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राज यांनीच सांगितलं आहे. तिथून पुरुषांइतक्या सामना मानधनापर्यंत, म्हणजे कसोटीला १५ लाख आणि एकदिवसीयला ६ लाखांपर्यंत, यायला २०२२ उजाडलं. आकड्यांबद्दल बोलायलाच हवं. फक्त बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. आकडा दिसला की त्याखालची सही कोणाची, हे आधी पाहिलं जातं.

गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांनी सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' ही अक्षरं पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मालकाच्या नावापुढे ही अक्षरं येतात आणि त्यापुढे बापाचं, आईचं किंवा कोणा वडीलधाऱ्याचं नाव. मालक लेकरू, कारभार दुसऱ्याचा. बँकेतही हेच. आपल्या रंगभूमीचा, चित्रपटाचा आणि आता मैदानाचा इतिहास चाळताना मला ही अक्षरं जागोजागी दिसतात. कारण या धंद्यांत पुरुष तरुणपणी येतो, पण मुलगी फार वेळा येते ती अज्ञान असतानाच.

पहिल्या पानापासून बघा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. साळुंके नावाच्या, खाणावळीत काम करणाऱ्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, वय तेराच्या आसपास. पुढे याच कमलाबाई गोखले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका कोण, याची उत्तरं आपण पाठ करतो. ती नायिका परकरी वयाची होती हे मात्र पटकन लक्षात येत नाही. नवऱ्यापासून वेगळी राहणारी आई पोटासाठी नाटकात आली आणि लेक तिच्याबरोबर आली. सहा वर्षांनी 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुरुष सीता होतोय आणि मुलगी कृष्ण! शंभर वर्षांनी रोहतकमध्ये मुलींना क्रिकेट शिकवायला कोणी तयार होईना, तेव्हा शफालीच्या वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले. सोंग उलटं झालं, अडचण तीच राहिली.

मुली या धंद्यात बहुधा हौसेने आल्या नाहीत. घरचा कर्ता गेला म्हणून आल्या. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या, भावंडांत सगळ्यांत मोठ्या. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये त्यांनी काम केलं. तोंडाला रंग लावणं त्यांना कधीच आवडलं नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितलं. पण आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. त्यांना आधार दिला मास्टर विनायकांच्या कंपनीने. आणि नियती बघा, १९४७ मध्ये विनायक अकाली गेले आणि त्यांची स्वतःची आठ वर्षांची मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. ती बेबी नंदा. ज्या माणसाने एका पोरक्या घराला हात दिला, त्याच्या घराला हात द्यायला त्याचीच लेक निघाली. 'बेबी' हे बिरुद आपण किती लाडाने उच्चारत आलो! बेबी मीना १९३९ मध्ये 'लेदरफेस'मध्ये आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आपण मीनाकुमारी म्हणून ओळखतो. पोस्टरवर 'बेबी' आणि घराच्या हिशेबात कर्ता पुरुष, अशी ही दुहेरी नोंद होती.

आता कायद्याकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात ठरवून टाकलं. बँकेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने हे नाव घोकलेलं असतं. हेतू चांगला, लहानग्यांना कोणी नाडू नये. पण हीच ढाल मुलीवर कशी उलटते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. १९४९ च्या निवाडासंग्रहात तो 'राजराणी विरुद्ध प्रेम अदीब' म्हणून नोंदलेला आहे. प्रेम अदीब म्हणजे 'रामराज्य'मधले राम. चित्रपटात भूमिका देण्याचा करार राजराणी या अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी केला होता. भूमिका पुढे दुसऱ्या नटीला दिली गेली आणि करार संपवला गेला. मुलीने दावा लावला. न्यायालय म्हणालं, करार मुलीशी झाला असेल तर ती अज्ञान, म्हणून तो शून्य. वडिलांशी झाला असेल तर वडिलांनी मोबदला म्हणून दिलं काय? मुलीचं वचन, आणि अज्ञानाच्या वचनाला कायद्याच्या लेखी किंमत नाही. म्हणून तोही शून्य. कायद्याच्या चौकटीत निकाल चोख होता. पण काम करायला जी सज्ञान धरली गेली, ती दाद मागायला आली तेव्हा अज्ञान ठरली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत होते. नारायणगाव जवळच, गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. फडातल्या मुलींचं अर्थशास्त्र 'उचल' या एका शब्दावर चालायचं. फडमालकाकडून घरच्याने आगाऊ रक्कम उचलायची आणि मुलीने ती हंगामभर नाचून फेडायची. एक दिवस अशीच एक मुलगी काउंटरवर आली. खातं तिच्या नावाचं, सही वडिलांची. जन्मदाखला पुढे सरकवत म्हणाली, "बाई, कालच अठरा झाली. आता आबाची सही चालायची नाही ना?" मी म्हटलं, नाही चालणार. तिने नमुना सहीच्या कार्डावर तीनदा नाव लिहिलं, एकेक अक्षर कोरून. मग शिल्लक विचारली. पाचशेही नव्हते. ती काही बोलली नाही. कार्डावरची शाई वाळेपर्यंत मात्र तिथेच उभी राहिली.

विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. लहानपणापासून बोर्डावर, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, आणि २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत. आज त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो.

प्रत्येक पालनकर्ता लुटारू असतो असं मात्र कोणी समजू नये. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा केवढा गहजब झाला! वडील, 'नवाकाळ'चे नीलकंठ खाडिलकर, पाठीशी ठाम उभे राहिले, प्रकरण वरच्या दरबारापर्यंत नेलं. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी मुलींना अशी बंदी घालता येणार नाही असं ठरवलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला हरवून विश्वचषक आणला, त्या वाटेवरचे पहिले काटे तेव्हा निघाले होते. आणि पालनकर्ता म्हणजे बापच, ही समजूतही उशिराच सुटली. गीता हरिहरन या लेखिकेला आपल्या मुलाच्या नावावर रोखे घ्यायला आईची सही चालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि निकाल लागला १९९९ मध्ये.

तर मग आज काय? २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी, पण चित्रपट, मालिका, जाहिराती आणि खेळ यांना सूट. 'सर्कस वगळून', असं कायद्यातच लिहिलं आहे. विष्णुपंत छत्र्यांनी उभी केलेली मराठी माणसाची सर्कस अशी त्या सवलतीच्या बाहेर राहिली. तिच्यातल्या मुलांची अवस्था बघून सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ते दार बंद केलं होतं. २०१७ च्या नियमांनी बालकलाकारासाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नको म्हटलं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. आणि बँकवाल्याला सुखावणारी एक गोष्ट केली. मिळकतीतले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे. सज्ञान झाल्यावर ते त्याला मिळतील. कॅलिफोर्नियाने हे तत्त्व १९३९ मध्येच स्वीकारलं होतं. आपल्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं जास्त लागली, पण झालं.

फक्त हे 'बालक' म्हणजे चौदा वर्षांखालचं. करार करायला मात्र अठरा हवीत. मधली चार वर्षं कोणाची? नेमक्या याच चार वर्षांत आजची मुलगी कमवायला लागते. शफाली पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली आणि त्याच वयात आंतरराष्ट्रीय अर्धशतक ठोकलं. डिसेंबर २०२४ च्या लिलावात तमिळनाडूच्या सोळा वर्षांच्या जी. कमलिनीवर १ कोटी ६० लाखांची बोली लागली. त्यांच्या घरची माणसं त्यांचा पैसा जिवापाड जपत असतील. मी कोणाच्या घरात डोकावत नाही. पण साबणाच्या जाहिरातीत हसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी २० टक्क्यांची सक्ती आहे आणि सोळाव्या वर्षी कोटीची बोली लागलेल्या मुलीसाठी ती नाही, हे कोणत्या तर्कात बसतं? नियमात 'बालक' या शब्दाऐवजी 'अठरा वर्षांखालील व्यक्ती' एवढं घातलं तरी काम भागेल. त्याला ना निधी लागतो ना आयोग. राहिलेल्या ८० टक्क्यांचा जमाखर्च मुलीला अठराव्या वाढदिवशी दाखवायचा, अशी अटही घालता येईल. शेतकी सोसायटीसुद्धा सभासदांना ताळेबंद दाखवते.

आता याहून मोठा बदल आपल्या दिवाणखान्यात होतो आहे, आणि त्याला आपण अजून करमणूकच म्हणतो. चार वर्षांची मुलगी नऊवारी नेसून लावणीवर मुरडते, आई मोबाईलवर टिपते, लाखो लोक पाहतात, मग कपड्यांचा दुकानदार पैसे देऊन आणखी एक करायला सांगतो. इथे निर्माता कोण? आईच. पालनकर्ता? तीही आईच. पाच तास मोजणार कोण आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार कोण? फ्रान्सने २०२० मध्ये अशा मुलांसाठी कायदा केला. त्यांच्या कमाईचा भाग सरकारी ठेवसंस्थेत जातो आणि मूल मोठं होईपर्यंत तिथेच राहतो. आपल्याकडे ती कमाई थेट आईच्या किंवा बाबांच्या खात्यात जमा होते. मुलीचं नावच त्या खात्यावर नसल्यामुळे 'अ. पा. क.' हा शेराही तिथे येत नाही.